गौतमीचं तुर्की सॅलड

“अक्रोड तेलात परतायचे नाहीत, मावशी. कोरडेच भाजायचे. साल सुटायला लागली की उतरव.”

गौतमी ओट्याशी उभी राहून मला सांगत होती. मे महिन्यातली दुपार होती. पाचगणी झाली तरी दोन शेगड्या पेटल्या की माझं स्वयंपाकघर तापायचंच. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिच्या अंगात लोकरीचा स्वेटर होता.

तिने मोठ्या काचेच्या वाडग्यात लेट्यूसची पानं हाताने तोडून टाकली. मागच्या शेडनेटमधून सकाळी मीच काढून आणलेली. त्यावर रॉकेटची पानं, जी चावली की मोहरीसारखी नाकात जातात. मग पुदिना, शेपू, पार्सली, कांद्याची पात, काकडी. हे सगळं ती इतक्या हलक्या हाताने करायची, की पाहणाऱ्याला वाटावं, पानांना दुखेल म्हणून जपते आहे. मग बरणीतलं चीज काढलं. तेही तिचंच. पनीर दाबून घट्ट करून मिठाच्या पाण्यात मुरत ठेवायचं, चार-सहा दिवसांत ते खारट आणि ठिसूळ होतं. तुर्कस्तानातलं पांढरं चीज मिळत नाही, मग हे चालवून घ्यायचं, असं तिचं म्हणणं. त्याचा चुरा करून तिने वर पसरला, अक्रोड मोडून टाकले, आणि डाळिंबाचा आटवलेला रस सैल हाताने गोल फिरवला.

“झालं. ने बाहेर.”

मी वाडगा उचलणार तेवढ्यात डोंबिवलीच्या रेगेबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांच्या घरचे आठ जण आठवडाभर माझ्याकडे उतरले होते.

“अगंबाई, ही का ती सॅलडवाली?” त्या गौतमीकडे बघून म्हणाल्या. “काय चवळीची शेंग आहे हो! आमच्या मुलीला सांग ना गं तुझं डाएट. ही असलीच पानं खातेस वाटतं रोज?”

गौतमी गोड हसली. “हो ना काकू. मुलांना पण वाढा. आणि चीज वरवरच राहतं, खालून ढवळून घ्या.”

रेगेबाई वाडगा घेऊन गेल्या. गौतमी नळाशी गेली. तिने स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि हात साबणाने धुतले. पुसून वास घेतला. पुन्हा धुतले. अक्रोडाचं तेल बोटांना लागलं असेल आणि ते कातडीतून आत जिरेल, या भीतीने ती हात धुते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त तिची मनगटं दिसली. मी शेगडीकडे तोंड फिरवलं.

गौतमी माझ्या थोरल्या बहिणीची, शैलाताईची मुलगी. सोलापूरला असते ताई. बारावीची परीक्षा संपल्यावर ती गौतमीला माझ्याकडे सोडून गेली होती. “हवा पालटली की भूक लागेल,” असं म्हणाली होती. गेल्या वर्षभरात पोरीचं जेवण एकेक जिन्नस करून सुटत गेलं होतं. आधी गोड, मग तळलेलं, मग भात, मग भाकरीला लावायचं तूप. अभ्यासाचा ताण आहे, परीक्षा झाली की सुधारेल, असं सगळे म्हणत होते. परीक्षा झाली आणि ती वरणातलं पाणी तेवढं पिऊ लागली.

मी एकटी बाई. नवरा गेल्यावर घराच्या सहा खोल्या करून पर्यटकांना द्यायला लागले, त्यांनाच जेवू घालते. ताईला वाटलं, जिच्या हातचं अख्खा महाराष्ट्र जेवून जातो तिच्याकडे ही पोरही जेवेल. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि ती आल्यापासून स्वयंपाकघर सोडत नव्हती. दिवसभर मोबाइलवर निरनिराळ्या देशांच्या पाककृती बघायची. इटलीचं हे, लेबनॉनचं ते. तुर्कस्तानच्या त्या सॅलडवर तर तिचा जीवच जडला. तिचे बाबा सोलापूरहून डाळिंबाच्या पेट्या पाठवायचे, लेकीच्या अंगात रक्त यावं म्हणून. ती त्यांचा रस काढून मंद आचेवर काकवीसारखा आटवायची आणि बाटल्या भरायची. मी बाहेरच्या फळ्यावर खडूने ‘आजचं खास: तुर्की सॅलड’ असं लिहायला लागले होते. पाहुणे दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. ती दाराआडून त्यांना खाताना बघत उभी राहायची. कोण किती घेतं, कुणाच्या ताटलीत काय राहतं. एखाद्याने अक्रोड बाजूला काढून ठेवले तर तिचा चेहरा उतरायचा.

तिच्या स्वतःच्या ताटाशी मात्र रोज युद्ध. मी चुचकारलं, रागावले, रडले. एका पोळीचे ती इतके बारीक तुकडे करायची की अर्ध्या तासाने ताटात पोळीचा भुगा असायचा. तरी हळूहळू पोळी संपायला लागली. मला वाटलं, जमतंय. मी ताईला फोन करून सांगितलंसुद्धा.

मग एका सकाळी मी शेडनेटमध्ये लेट्यूसची रोपं काढायला बसले. एका वाफ्यात मुंग्यांची जाड रांग लागली होती. माती उकरली तर आत पोळीचे गोळे. जुने बुरशी आलेले, वर कालचे. त्यात बेसनाचा लाडू होता, अख्खा. मी स्वतः तिच्या हातात दिलेला.

मी तिथेच मातीत बसून राहिले. ती पुदिना खुडायला आली आणि वाफ्याजवळ येऊन थबकली.

“हे काय गं गौतमी?”

तिने मातीतल्या लाडूकडे बघितलं.

“तुला भूक म्हणून लागतच नाही का?”

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. “लागते,” ती म्हणाली. “सकाळी डोळे उघडायच्या आधी लागते. रात्री स्वप्नात मी जेवत असते. बासुंदी, पुरणपोळी, सगळं. आणि दचकून उठते, खरंच खाल्लं की काय म्हणून.”

“मग खा ना, बाळा. इतकं सगळं आहे घरात.”

“तू म्हणतेस तसं सोपं नाहीये ते. टेबललँडच्या कड्यावर नेऊन उभं करावं आणि सगळ्यांनी म्हणावं, मार उडी, काही होत नाही. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं ना खाली काय आहे ते.”

तोवर मी समजत होते की या पोरीची भूक मेली आहे आणि मी ती जागी करीन. चटपटीत काही केलं, चार मसाले टाकले, की जागी होईल. भूक जागीच होती. ती माझ्या हातातली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

मी तिला साताऱ्याला डॉक्टर भोईटेबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला आणि गौतमीला बाहेर बसवून मला आत बोलावलं.

“ही आजची गोष्ट नाहीये,” त्या म्हणाल्या. “अन्न मिळत नाही तेव्हा शरीर आधी चरबी खातं, मग स्नायू. हृदय हाही स्नायूच आहे. तिची नाडी फार मंद चालते आहे. मधे एखादा ठोका चुकतोय. मी आजच दाखल करून घेते.”

मी ताईला फोन लावला. तिकडून भाऊजींचा आवाज ऐकू येत होता, “काही नाही, लाड आहेत नुसते. दोन दिवस ताट समोर ठेवू नका, आपोआप मागेल.” ताई रडत म्हणाली, “विदुला, माझ्याशिवाय काही करू नकोस. मी उद्याची गाडी पकडते.”

आईबापाच्या परवानगीशिवाय मी काय करणार? डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. “जर चक्कर येऊन पडली,” त्या म्हणाल्या, “तर मला फोन करत बसू नका. सरळ घेऊन या.”

दुसऱ्या संध्याकाळी ताई एसटीने आली. डाळिंबांची पेटी घेऊन. लेकीला दारात पाहिलं आणि पेटी तिथेच ठेवून तिला मिठी मारली. मग माझ्याकडे बघितलं. महिन्याभरात काय झालंय हे तिच्या हातांना कळलं होतं.

रात्री दोघी एका खोलीत झोपल्या. सकाळी मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते आणि न्हाणीघरात धप्प आवाज झाला.

गौतमी फरशीवर पडली होती. भुवईवर खोक पडली होती, रक्त थोडंच होतं. डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती. मी तिला उचललं. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा माझा तोल मागे गेला.

पलंगावर ठेवल्यावर थोड्या वेळाने तिला ओळख पटायला लागली. मी कपाटातून गाडीची किल्ली काढली. ते पाहून ती उठून बसायला लागली.

“नाही. मावशी, नाही. मी खाते. आत्ता खाते. आई, तिला सांग ना, मी खाते!”

“विदुला, थांब जरा,” ताई म्हणाली. “तिथे नाकातून नळी घालतील पोरीच्या. बांधून ठेवतात म्हणे.”

“ताई, डॉक्टरांनी सांगितलंय.”

“ती खाते म्हणतेय ना! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपल्या तोंडाने म्हणतेय!” ताईने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “काय खातेस, सोन्या? शिरा करू? उपमा?”

गौतमीने मान हलवली. “माझं मीच करते. ते सॅलड. सगळं घालून. चीज, अक्रोड, सगळं. आणि मी खाल्लं तर नेणार नाही ना?”

“नाही नेणार,” ताई म्हणाली. “तुझी शपथ.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी किल्ली परत कपाटात ठेवली नाही.

तिला उभं राहवत नव्हतं. ओट्याशी स्टूल ठेवून ती बसली. कपाळावर पट्टी, अंगावर स्वेटर, त्यावर माझी शाल. ताईने आणलेलं डाळिंब मी सोलून दिलं, अक्रोड मी भाजले. “साल सुटली का बघ,” असं ती या वेळी म्हणाली नाही. पाहुण्यांसाठी वाडगा भरताना तिचे हात कसे सरसर चालायचे! आज एकेक पान ताटलीत ठेवायला तिला वेळ लागत होता. ताई मागे उभी राहून म्हणत होती, “घाल गं अजून थोडं चीज. घाल.” तिने चमच्याने चीज उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. अक्रोडाची पाळी आली तेव्हा डोळे मिटून मूठ ताटलीवर उघडली.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघी बसलो. पाहुणे टेबललँडला गेले होते, घर रिकामं होतं.

पानं तिने खाल्ली. त्यांचं तिला भय नव्हतं. काकडी खाल्ली, डाळिंबाचे दाणे एकेक करून खाल्ले. मग ताटलीत पांढरा चुरा आणि अक्रोड राहिले. ती पाणी प्यायली. ताईने तिचा डावा हात टेबलावर आपल्या हातात धरून ठेवला होता, ती काही लपवेल म्हणून. गौतमीला ते कळत होतं. तिने हात सोडवून घेतला नाही.

चीजचा पहिला घास तिने तोंडात टाकला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही. जबडा हलत होता, डोळे वाहत होते. गिळताना तिची मान पुढे यायची, विष गिळावं तशी. दुसरा घास. तिसरा. मग अक्रोड. अर्धा अक्रोड तिने बोटांत धरला आणि त्याच्याकडे बघत बसली. खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेवरून ताटलीपर्यंत आलं. आमचे चहा तसेच गार झाले.

“जमत नसेल तर राहू दे एक,” ताई कळवळून म्हणाली.

“नको. राहिलं तर ती नेईल,” गौतमी माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि तिने अक्रोड तोंडात टाकला.

सगळे खाल्ले तिने. शेवटी ताटली उचलून आम्हाला दाखवली. डाळिंबाच्या रसाचे लाल ओघळ तेवढे होते.

“खाल्लं. बघ. सगळं खाल्लं.”

ताईने तिला छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मग मोबाइल काढून भाऊजींना लावला. “अहो, खाल्लं तिने! चीज, अक्रोड, सगळं! नाही, आता नाही न्यायचं कुठे. मी उद्या हिला घरी घेऊन येते.”

मी गौतमीचं मनगट हातात घेतलं. ते बर्फासारखं गार होतं. नाडी कुठे लागते हेच कळेना. मग लागली. एक ठोका, आणि मग इतकी वाट बघायला लावून दुसरा, की त्या मधल्या जागेत माझाच श्वास अडकला. ओठ निळसर झाले होते. एका ताटलीने काय होणार होतं? जी पोर आज सकाळीच न्हाणीघरात पडली, ती उद्या सोलापूरच्या एसटीत बसणार होती?

“ताई, तिची पिशवी भर,” मी म्हटलं. “साताऱ्याला जायचंय.”

ताईने फोन कानावरून खाली घेतला. “शुद्धीवर आहेस का तू? मी शपथ घेतलीय तिची! आत्ता नेलंस तर पोर पुन्हा कधी आपल्यावर विश्वास ठेवेल का? पुन्हा कधी घास उचलेल?”

“माहीत नाही. पण उचलायला ती असायला तर हवी.”

“अभद्र बोलू नकोस!” ताई ओरडली. आणि मग, फार हळू आवाजात, म्हणाली, “तू मूल वाढवलेलं नाहीस, विदुला. तुला नाही कळायचं.”

आम्हा दोघींमध्ये हे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मी ते ऐकून घेतलं.

“नाही वाढवलं,” मी म्हटलं. “पिशवी भर.”

गौतमी माझ्याकडे बघत होती. ओरडली असती, ताटली फेकली असती तर बरं झालं असतं.

“मावशी, मी खाल्लं ना?”

“खाल्लंस. मी पाहिलं. याच्याहून अवघड काम करताना मी कुणाला पाहिलेलं नाही.”

“मग?”

“गाडीत बस,” मी म्हटलं.

माझी जुनी मारुती व्हॅन होती. गौतमीला मी पुढे माझ्या शेजारी बसवलं, ताई मागे. पसरणीचा घाट उतरायला लागलो आणि तिने सुरुवात केली. मावशी, परत फिर. मी रोज खाईन. दोन वेळा खाईन. तू म्हणशील ते. मागून ताईचं रडणं. “फिरव गं गाडी, बघवत नाही.” वळणावळणाचा रस्ता, डोळे भरलेले, समोरचं धड दिसत नव्हतं. मी दोनदा मनात म्हटलं, पुढे जागा मिळाली की फिरवायची. जागा मिळाली. मी फिरवली नाही, पण का फिरवली नाही ते सांगता येणार नाही. धैर्य नव्हतं ते. फिरवायला थांबले असते तर रडू कोसळलं असतं आणि मग गाडी कुठेच गेली नसती.

वाई मागे पडली. ताई रडून रडून मागच्या सीटवर आडवी झाली होती, तिला ग्लानी आली होती. पुढे रस्त्यात धनगराची मेंढरं आडवी आली. शे-दोनशे असतील. गाडी बंद करून थांबावं लागलं.

गौतमीचा हात दाराकडे गेला. ती उतरून पळाली असती तर त्या मेंढरांतून मी कुठे धावणार होते? आणि त्या हृदयाने ती किती पावलं पळाली असती?

तिने दाराचं बटण खाली दाबलं. दार लॉक झालं.

“मावशी,” ती समोर बघत म्हणाली. आवाज अगदी शांत, लहानपणी सुट्टीला यायची तेव्हासारखा. “मी आता परत म्हणेन, मागे फिर म्हणून. रडेन. तुला काहीबाही बोलेन. तिथे गेल्यावर तर खूप बोलेन. तू ऐकू नकोस.”

मी मागे वळून ग्लानीतल्या ताईकडे बघितलं.

“आईचंही ऐकू नकोस,” ती म्हणाली. “लवकर चल. मला हे फार वेळ नाही बोलता येणार.”

मेंढरं गेली. मी गाडी चालू केली.

आणि खरंच, थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा सुरू झाली. दवाखान्याच्या फाटकात तिने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून धरला. तू वांझोटी आहेस म्हणून माझ्यावर सूड घेतेस, असं ती आख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला उचलून आत नेलं.

भोईटेबाईंनी नंतर ताईला सांगितलं, त्या रात्री हृदय दोनदा डगमगलं होतं. यंत्र लावलेलं होतं म्हणून कळलं, म्हणून सावरता आलं. ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दवाखान्याच्या बाकावर बसली होती. आम्ही त्या वाक्याबद्दल पुढे कधी बोललो नाही.

गौतमी लगेच बरी झाली नाही. तो उन्हाळा दवाखान्यात गेला, पुढची दोन-तीन वर्षं पुण्याच्या डॉक्टरांकडे खेटे घालण्यात गेली. एकदा पुन्हा घसरली, पुन्हा सावरली. आज ती तिशीत आहे, धारवाडला शिकवते, नवरा कानडी आहे आणि दोघं वरचेवर माझ्याकडे येतात. गेल्या दिवाळीत आली तेव्हा रात्रीची भांडी आवरताना तिने अचानक विषय काढला.

“मावशी, फाटकात मी तुला जे बोलले ना, ते माझ्या डोक्यातून जात नाही. किती वेळा माफी मागू?”

“तू आधीच सांगून ठेवलं होतंस की बोलशील म्हणून. मी तयारीत होते.”

“मी? कधी?”

तिला आठवत नव्हतं. तिला ताटली आठवत होती, घाट आठवत होता, फाटक आठवत होतं. मधलं काही नाही. मी तिला मेंढरांचं सांगितलं, दाराचं बटण तिने आपल्या हाताने दाबलं ते सांगितलं, आणि ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“मी इतकी वर्षं समजत होते,” ती म्हणाली, “की त्या दिवशी गाडीत माझ्या बाजूने तू एकटीच होतीस.”